लवकर कातरलेल्या शेळ्या

मोटेबो, डोंगरावर
८ मार्च १९८७

ताई,

हे अक्षर माझं आहे. आधीची पत्रं म्ये मालेबोहांगच्या हातची होती. मी सांगायचो आणि ती बाई लिहिताना स्वतःच्या पदरचं घालायची, म्हणून त्यात 'तुझी फार आठवण येते' असं दर चार ओळींनी असायचं. यात ते नाही. शेजारणीचं सगळं चांगलं, पण तिला पत्र सांगणं म्हणजे पाणवठ्यावर ओरडून सांगणं.

मी सहावी पास झालो. हस खुशाल. मिशा फुटल्यावर सहावी पास होणारा आपल्या घराण्यात मी पहिलाच, आणि न होणारे बाकी सगळे. महिन्यातून एकदा मीठ आणि पीठ न्यायला मी गावात उतरतो तेव्हा मास्तर त्सोलो पुढचे धडे दाखवतात आणि मागचे तपासतात. इथं मोटेबोवर, चराईच्या ठाण्यावर, दगडाच्या झोपडीत मी आणि पित्सो. तो शेजारच्या कळपाचा गुराखी. मी मोठ्यानं वाचतो आणि तो ऐकतो. काल म्हणाला, "लेफू, तुझ्या त्या पुस्तकात कुणी जेवत का नाही रे?" खरंच, भूगोलात कुणी जेवत नाही.

आता सातवी, म्हणजे नोव्हेंबरात सरकारी परीक्षा. ती पास झालो की खिंडीपलीकडचं मिशनचं हायस्कूल. मी चालत जाऊन तिथल्या मोठ्या सिस्टरना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "पास हो आणि एक दुभती गाय आण. आमच्या मुलांना दूध लागतंच. पाच वर्षं शिकवू." न्ताते रामाइली मला त्यांच्या शेळ्या राखण्याबद्दल वर्षाची एक गाय देतात हे तुला ठाऊकच आहे, आजवर त्या गायींचं काय झालं तेही. पहिल्या सगळ्या तुझ्या नर्सच्या शिक्षणाला मासेरूला गेल्या. मग आईच्या आजारपणात. शेवटची तिच्या मातीला कापली. लोक जेवून गेले आणि विचारत होते, मुलगी कुठे आहे? मी सांगितलं, ट्रक मिळाला नसेल. ट्रकवाला तिथंच मांस खात बसला होता.

तू जाताना म्हणाली होतीस, आधी मी शिकते, मग तू. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. खडकावर उभा राहून मी हात हलवत होतो आणि ट्रक वळणाआड गेल्यावरही हलवत राहिलो. मी तुझ्याकडे काही मागत नाही. यंदाची गाय माझी आहे. तुझं शिक्षण संपलं का, डोक्यावर पांढरी टोपी चढली का, एवढं एका ओळीत कळव.

लेफू


हा मोसी, गावात
२१ जून १९८७

ताई,

उत्तर नाही. असो.

जून-जुलैच्या हिवाळ्यासाठी कळप खाली गावात आणलाय, त्यामुळे सकाळी शेळ्या पित्सोच्या हवाली करून मी चार तास शाळेत बसतो. सगळे वर्ग एकाच खोलीत, आणि बाक लहान मुलांचे आहेत. माझे गुडघे फळीला लागतात आणि मी हललो की पुढच्या मुलीची शाई सांडते. ती सात-आठ वर्षांची टिकली कमरेवर हात ठेवून म्हणते, "काका, पाय आत घ्या ना, आम्हाला पण शिकायचंय." पहिल्या दिवशी पोरं गमबुटांना नाक धरायची. आता धरत नाहीत, कारण त्यांची गणितं मी सोडवून देतो.

परीक्षेची नावं लिहून घ्यायला साहेब आला होता. माझं नाव ऐकून त्यानं मान वर केली.

"लेफू? मरण? हे काय नाव झालं?"

म्हटलं, "आधीची दोन मुलं गेली साहेब. मरणाला मरण कसं नेईल, असा आईचा हिशेब."

"मग? लागला का हिशेब?"

"मी राहिलो. तीच गेली."

त्यानं नाव लिहून घेतलं. मास्तर बाहेर येऊन म्हणाले, "अशी उत्तरं पेपरात देऊ नकोस बाबा, मार्क कापतील."

मला इथं बरं वाटतं, ताई. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, पण वर्गात बसलं की पोटातली भूकसुद्धा वेगळी लागते. डोंगरावर भूक लागली की आपण जनावर वाटतो. इथं लागली तर वाटतं, आपल्याला भूक लागलीय आणि अजून दोन उदाहरणं राहिलीत.

लेफू


हा मोसी
१४ सप्टेंबर १९८७

ताई,

आज एक काम फत्ते झालं, म्हणून लिहितोय.

परीक्षा नोव्हेंबरच्या मध्यात. लोकरीच्या शेळ्यांची कातरणी आपल्याकडे नेहमी त्याच सुमाराला. कातरणी चालू असताना गुराख्याला कोण सोडणार? म्हणून मी आज न्ताते रामाइलींकडे गेलो. म्हातारा उन्हात चिलीम ओढत बसला होता.

म्हटलं, "न्ताते, यंदा कातरणी ऑक्टोबर संपता संपता उरकून टाकू."

"का? शेळ्यांनी अर्ज दिलाय?"

"परीक्षा आहे माझी."

"तुझी परीक्षा. शेळ्या माझ्या." चिलीम झाडून म्हणाला, "डोंगराचा भरवसा धरू नये रे. कातरलेली शेळी म्हणजे नागडं पोर. नोव्हेंबरात बर्फ पडलेलं मी पाहिलंय. थंडी आली तर काय, तुझं पुस्तक पांघरायला देशील?"

मी अंगणातलं पीचचं झाड दाखवलं. यंदा ऑगस्टातच फुललंय, ऊन कडक आहे, सगळे म्हणतात उन्हाळा लवकर येणार. शिवाय लवकर लोकर गेली तर भाव चढा मिळतो, हेही सांगितलं. तेवढं मात्र म्हाताऱ्यानं लक्ष देऊन ऐकलं.

शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण तुझ्या जबाबदारीवर. काही झालं तर मी गावच्या मोरेनाकडे न्याय मागायला जाणार नाही, साक्षीदार शोधणार नाही. तुझ्या गायीकडे बघेन."

मी हो म्हटलं. तूही म्हटलं असतंस. गायही दाखवली त्यानं मला, तांबडी, कपाळावर पांढरं. जानेवारीत विणार आहे. मी तिला अजून नाव दिलेलं नाही. सिस्टरच देतील काहीतरी संतांचं.

तुझं काही कळत नाही. म्ये मालेबोहांग म्हणते, "मोठ्या दवाखान्यात नर्सला श्वास घ्यायला वेळ नसतो." असेल.

लेफू


हा मोसी
३० नोव्हेंबर १९८७

ताई,

परीक्षा झाली. गणिताचा पेपर सोपा होता. इंग्रजीत 'माझ्या आयुष्यातला एक दिवस' असा निबंध होता. शेजारच्या गावची मुलं खिडकीकडे बघत बसली होती. मला मात्र पान कमी पडलं. मास्तरांनी मला त्यांचा जुना कोट घालायला दिला होता, गुराखी दिसू नये म्हणून. घोंगडी मी वरच ठेवून आलो होतो.

बाकी सगळं ठीक. पित्सोचे पाय सुजलेत, पण तो चालतो.

ठीक नाही, ताई.

कातरणी झाली होती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, ठरल्याप्रमाणे. मी परीक्षेला उतरलो तेव्हा दोन्ही कळप पित्सोकडे होते. त्याच्या शेळ्या अजून कातरायच्या होत्या. दुसऱ्या पेपरच्या दिवशी दुपारी वारा फिरला. मी आत बसून 'पर्जन्य कसा पडतो' ते लिहीत होतो आणि बाहेर आधी पाऊस, मग गारा, मग बर्फ. कागदावरून नजर उचलून खिडकीत पाहिलं तेव्हा शेजारचा डोंगर दिसत नव्हता. ताई, मी उठलो नाही. मला कळलं होतं काय होणार ते, अगदी बसल्या जागी कळलं होतं. अजून तीन प्रश्न राहिले होते. मी ते लिहिले.

वर पित्सोनं केलं ते कुठल्याही शहाण्या गुराख्यानं केलं असतं. अंगावर लोकर नसलेल्या शेळ्या वाऱ्यात ठेवल्या तर उभ्या उभ्या मरतात. त्यानं माझी घोंगडी दोन करडांवर टाकली, ती काखेत मारली आणि सगळा कळप खालच्या घळीत आणायला निघाला. मोठी वाट बर्फानं बुजलेली. जवळची वाट राखीव कुरणातून. ते कुरण मोरेनानं पुढच्या हिवाळ्याचं गवत राखायला बंद केलेलं, दगडांचे ढीग रचून. बर्फात ढीग दिसले नाहीत असं पित्सो म्हणतो. दिसले असते तरी तो आला असताच, असंही म्हणतो.

मोरेनाचा शिपाई घळीच्या तोंडाशीच भेटला. पित्सो त्याच्या पाया पडला. "यांना गोठ्यात नेऊ दे, दंड उद्या घे." शिपाई म्हणाला, "कुरणात सापडलेलं जनावर कोंडवाड्यात. मी सोडलं तर उद्या सगळं गाव म्हणेल आम्हालाही बर्फानं गाठलं होतं." त्याचंही खोटं नाही. कोंडवाडा तुला आठवतो ना? चार दगडी भिंती आणि वर आभाळ.

सकाळी मी पोचलो तेव्हा निम्म्या शेळ्या मेल्या होत्या. भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढलेल्या. पित्सो आत त्यांच्यात बसून होता. उरलेल्यांना हातानं चोळत होता, बूट त्यानं कुठल्या तरी शेळीला घातले होते, मला वाटतं डोकं फिरलं होतं त्याचं. मला बघून पहिलं काय विचारलं माहीत आहे? "पेपर कसा गेला?"

न्ताते रामाइली आले, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकेक शेळीचं तोंड उचलून बघत होते, कोणती कोण ते ओळखत होते. मग म्हणाले, "मी सांगितलं होतं."

मी म्हटलं, "हो न्ताते."

"गाय माझ्याकडे राहील. आणि पुढचं एक वर्ष तू तसाच, गायीशिवाय, राखशील."

"हो न्ताते."

"चांगला पोरगा आहेस तू," म्हातारा म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. शेळ्यांसाठी की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही.

मास्तर म्हणाले, तिसऱ्या पेपरला जा. मी गेलो. कोटाला शेळ्यांचा वास येत होता.

लेफू


हा मोसी
२५ जानेवारी १९८८

ताई लिमाकात्सो,

मी पहिल्या वर्गात पास झालो. आमच्या सगळ्या खोऱ्यात पहिला वर्ग मिळालेले दोघेच, आणि दुसरा शिक्षकाचा मुलगा आहे. मास्तर त्सोलोंनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. 'मरण पहिल्या वर्गात' असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले, मीही हसलो. म्ये मालेबोहांगनं अंगणात उभं राहून अशी किलकारी घातली की कुत्री भुंकायला लागली.

मग सगळे आपापल्या घरी गेले.

मी सिस्टरकडे गेलो. रिकाम्या हातानं गेलो हे त्यांना लांबूनच दिसलं. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "तुझ्यासारखे चाळीस येतात रे. मी एकाला तसाच घेतला तर उरलेल्यांना काय सांगू? फेब्रुवारी संपेपर्यंत जागा ठेवते. अर्धं जरी आणलंस तरी चालेल, आणि गणवेश." न्ताते रामाइलींकडे परत गेलो. म्हटलं, मला आधी शिकू द्या, मी मोठा झाल्यावर दुप्पट फेडतो. त्यांनी अर्धा रिकामा गोठा दाखवला. मास्तरांनी स्वतःचा पगार पुढं केला असता, पण त्यांच्या घरात सहा तोंडं आहेत आणि सातवं वाटेवर. मोरेनानं सांगितलं, "लग्नाला गायी लागल्या तर गाव मदत करतं. शाळेला कधी केली नाही, कुठून सुरू करू?"

तेव्हा आता मागतो. मार्चमध्ये लिहिलं होतं की मागणार नाही, ते पुसून टाक. आई आजारी होती तेव्हा मी मागितलं नाही. तिची माती झाली तेव्हा मागितलं नाही. तू नर्स आहेस, तुला पगार आहे. माझ्या सगळ्या गायी तुझ्याकडे आहेत असं समज आणि त्यातली एकच परत कर. अर्धी कर. आधी मी, मग तू, असं तू म्हणाली होतीस. मी वीस वर्षांचा झालो, ताई. यानंतर मला बाकावर कुणी बसू देणार नाही.

हे पत्र लोकरीच्या ट्रकबरोबर पाठवतोय. ट्रकवाल्याला सांगितलंय, तिच्या हातातच दे आणि तिथं उभा राहा.

लेफू


मोटेबो
२० मार्च १९८८

ताई,

फेब्रुवारी संपला. पत्र तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस आणि आत निघून गेलीस, असं ट्रकवाला म्हणाला. दार कसलं होतं ते त्याला नीट सांगता येईना. मी विचारलं, दवाखाना होता का? म्हणाला, "मोठी इमारत होती, बाया बऱ्याच होत्या."

मी शेवटच्या दिवशी मिशनच्या फाटकापर्यंत गेलो होतो. का ते विचारू नकोस. आतून मुलांचा पाढा ऐकू येत होता आणि ती चुकत होती.

आता वर आलोय. मी मोठ्यानं वाचत नाही. पित्सो म्हणतो, "वाच रे, मी जेवणाचं विचारणार नाही." त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. त्याच्यापुढं पुस्तक काढायची मला लाज वाटते.

लेफू


हा मोसी
१९ जून १९८८
(हे पाठवणार नाही.)

लिमाकात्सो,

म्ये मालेबोहांग काल मासेरूहून आली. मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. येताना तुझं गाठोडं घेऊन आली. ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, बोल. म्हणाली, "तिनं शपथ घातलीय." म्हटलं, तुझ्या पोटात काही राहतं का? मग बोलली.

तू नर्स नाहीस. कधीच नव्हतीस. पहिल्याच वर्षी नापास झालीस, पुन्हा बसलीस, पुन्हा नापास झालीस, आणि त्यांनी खोली रिकामी करायला लावली. तेव्हापासून तू शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करतेस. आईच्या मातीला आली नाहीस कारण सगळं गाव 'नर्सबाई आल्या' म्हणून उठून उभं राहिलं असतं.

मग माझ्या गायी कुठे गेल्या? तू नापास झालीस तेव्हाही मी वर बर्फात होतो. पुढच्या वर्षीही होतो. एका ओळीत कळवलं असतंस तर पुढच्या गायी वाचल्या असत्या. मी बारा वर्षांचा असताना शाळेत बसलो असतो, बाकात गुडघे मावत होते तेव्हा. आज मी कोण झालो असतो? मला तुझा राग येतो. इतका राग येतो की मी काल शेळीला विनाकारण काठी मारली.

आणि गाठोड्यात गणवेश. पांढरा शर्ट, राखाडी चड्डी. म्ये मालेबोहांग म्हणाली, कारखान्यात उरलेले तुकडे तू मागून घेतलेस, जेवणाच्या सुट्टीत शिवलेस. माझं जानेवारीचं पत्र आल्यापासून. तुकडे जमायला वेळ लागला म्हणून उशीर झाला, तेवढ्यासाठी तर सिस्टर थांबल्या असतील ना, असं तू तिला विचारत होतीस. गणवेश झाला की बाकीचं होईल, असं म्हणत होतीस.

शर्टात माझा हात कोपरापर्यंत गेला आणि अडकला. चड्डी गुडघ्याच्या वर चढेना. दहा वर्षांच्या पोराचं माप आहे, ताई. खडकावर उभा राहून हात हलवत होतो तो मी तुझ्या डोळ्यांपुढं आहे, आणि तू त्याला मापून शिवलंस. सगळी शिवण दुहेरी. खालच्या काठाला आणि बाह्यांना आत चार बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलंय, मुलगा वाढला की सोडता यावं म्हणून.

मी ते गुडघ्यांवर घेऊन बसलो. म्ये मालेबोहांग म्हणाली, "रडतोस?" म्हटलं, धूर आहे.

निघताना तू तिला म्हणालीस म्हणे, "अंगात बसला का तेवढं कळवायला सांगा."


हा मोसी
१९ जून १९८८

प्रिय ताई,

गाठोडं मिळालं. म्ये मालेबोहांगनं तुझी खुशाली सांगितली. दवाखान्यात काम फार असतं आणि तू बारीक झालीस, एवढंच म्हणाली, तेव्हा जेवत जा.

शाळा सुरू आहे. सिस्टरनी माझ्यासाठी जागा ठेवली होती. गायीचं न्ताते रामाइलींनी मनावर घेतलं, त्यामुळे तू आता काही पाठवू नकोस. तुझे पैसे तुला राहू देत. बाक इथले मोठे आहेत, पाय नीट मावतात. गणितात मी पुढं आहे, इंग्रजीत थोडा मागं. मास्तर त्सोलो तुला आशीर्वाद सांगतात. आईच्या मातीचं मी काही मनात ठेवलेलं नाही. ट्रक मिळाला नव्हता हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं.

गणवेश अंगात बसला. मापात कुठंच चूक नाही. काल घालून गेलो तर सिस्टर म्हणाल्या, एवढी सुबक शिवण कुणी केली? मी सांगितलं, माझ्या बहिणीनं. आत दुमडलेलं कापड पाहिलं. ते सध्या तसंच राहू देतो. पुढच्या वर्षी सोडावं लागेल. मी अजून वाढतोय.

तुझा भाऊ,
लेफू